वार्निश वाळेपर्यंत

परतीचा पाऊस जायला लागला की माझं मन कशात लागत नाही. कामं नसतात असं नाही. गाद्या उन्हात टाकायच्या असतात, माळ्यावरचे डबे उतरवायचे असतात, पावसाने फुगलेला मोरीचा दरवाजा अजून लागत नसतो. पण मी एक काम हातात घेते, अर्ध्यावर टाकते आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहते. वर बघते. ऊन किती वेळ टिकेल, वारा कुठून येतोय, हवा अंगाला चिकटते का. पत्र्यावर तळहात टेकवून बघते. वरच्या मजल्यावरची शेजारीण गॅलरीतून विचारते, "काकू, पापड घातलेत का?" अश्विनात कोण पापड घालतं, हे तिलाही माहीत असतं. मी म्हणते, "हो, घातलेत." कुठे सांगत बसू, की मी वार्निशसाठी ऊन बघतेय.

वार्निश म्हणजे कपाटाला लावतात ते नव्हे. जुन्या मोटारगाड्यांमध्ये डायनॅमो असायचा. इंजिन फिरलं की पट्ट्यावर तोही फिरतो आणि बॅटरी भरतो. दिसायला बरणीएवढं लोखंडी नळकांडं. त्याच्या पोटात एक फिरणारा गाभा असतो, त्याला आर्मेचर म्हणतात. लोखंडाला उभ्या खाचा, खाचांमध्ये तांब्याची तार ठासून भरलेली आणि एका टोकाला तांब्याच्या बारीक पट्ट्यांचं कडं. पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, पण मध्ये बारीक फट असते. या पट्टीची वीज शेजारच्या पट्टीत नको तशी शिरली की खेळ संपला. तार जळाली की जुनी ओढून काढायची, नवी भरायची, टोकांना डाख द्यायचा, मग सगळं वार्निशमध्ये बुडवायचं आणि वाळवायचं. भरणं हातांचं काम, वाळवणं हवेचं. हातांना दम देता येतो, हवेला नाही. आणि वार्निश फसवं असतं. फणसपोळीसारखं वरून कोरडं लागतं, बोट दाबलं की आतून ओलं.

चौथी झाली आणि माझी शाळा संपली, त्यामुळे हे शाळेत शिकण्याचा प्रश्न नव्हता. वागळे इस्टेटमध्ये पंख्यांच्या मोटारी भरायचं एक वर्कशॉप होतं. लग्नाआधीपासून मी तिथे जायचे, लग्नानंतरही पुष्कळ वर्षं गेले. आम्ही बायका बाकांवर ओळीने बसायचो. मुकादम आल्यागेल्याला सांगायचा, बायकांची बोटं नाजूक असतात म्हणून हे काम बायकांचं. बोटं कसली नाजूक! आमच्यातल्या निम्म्याजणी घरी लाकडं फोडून यायच्या. खरं कारण एवढंच की बायका बिडी ओढायला उठत नाहीत.

वेढे मोजताना बोलायचं नसे. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायची. त्यामुळे तिथे कितीतरी गोष्टींना मी नुसतीच मान हलवली, आणि नंतर कळलं की कुणाच्या तरी बारशाला यायचं कबूल केलंय. ती मोजायची सवय अंगात मुरली ती मुरलीच. अजून लसूण सोलताना मोजते, जिना चढताना मोजते. कुणी फार बोलायला लागलं तर त्याचे शब्द मोजते आणि तो काय म्हणाला ते ऐकायचं राहून जातं.

आमच्या ह्यांचं ठाण्याला गाड्यांच्या विजेच्या कामाचं दुकान होतं. स्टार्टर, डायनॅमो, हॉर्न, दिवे. वय झालं तसं दुकान सोडलं आणि हत्यारं डोंबिवलीला घरी आणली. आम्ही तळमजल्यावर राहतो. मागे पत्र्याचं छप्पर घातलेली जागा आहे, तिथे टेबल मांडलं, वस्तू घट्ट धरायचा वाइस ठोकला, स्टूल ठेवलं. ओळखीतली बारीकसारीक कामं येत राहिली. मग ह्यांना कंपवात झाला. उजव्या हातापासून सुरुवात. भाजीत टाकण्याआधी चिमटीत मीठ चोळतात ना, तशी बोटं सारखी हलायची. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, चालत राहा.

त्याचं दुःख करत मी बसले नाही. वैताग मात्र यायचा. काम सुटलेला माणूस घरात असला की घराला स्वस्थता नसते. हे उठायचे, खिडकी उघडायचे, बसायचे, परत उठून लावायचे. पेपर उलटा-सुलटा करायचे. चांगला चालणारा मिक्सर एकदा उघडून ठेवला. म्हटलं, "काय झालंय त्याला?" म्हणाले, "आवाज बरा वाटत नव्हता." त्यानंतर तो खरंच बरा वाटेना. असा माणूस दिवसभर भोवती असला की आपणही नीट बसू शकत नाही. मी भाकरी थापताना ते मागे येऊन उभे राहायचे. भाकरीत त्यांना काय दुरुस्त करायचं होतं, देव जाणे.

आमचा मुलगा संदीप कल्याणला राहतो. एका रविवारी तो आलेला असताना ह्यांनी चालू बोर्डात स्क्रूड्रायव्हर घातला. हात हलला आणि झटका बसला. काही झालं नाही, पण संदीप घाबरला. घाबरला की तो रागावतो, बापावर गेलाय.

"बाबा, बस झालं आता. ही सगळी हत्यारं मी भंगारवाल्याला देऊन टाकतो."

"तुझी आहेत का?"

"माझी नाहीत. पण बाप माझा आहे."

ह्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. मला मुलाचं चूक वाटलं नाही. आणि ह्यांचंही चूक वाटलं नाही. अशा वेळी बाईने काय करायचं? मी चहा टाकला.

त्याच आठवड्यात गुप्तेसाहेब आले. ठाण्याचे, जुने गिऱ्हाईक, बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या वडिलांची विलायती गाडी आहे. काळी, गोल पाठीची, पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे. तिच्या कंपनीचं नाव मला नीट म्हणता येत नाही, तेव्हा लिहितही नाही. गुप्ते पिशवीतून डायनॅमो घेऊन दारात उभे.

"पाटकर! आहात ना? ठाण्यात मला तिघांनी सांगितलं की तुम्ही गेलात."

"कुठे?"

"वर."

"नाही, डोंबिवलीला."

दोघे बराच वेळ हसले. मग गुप्त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "सगळे म्हणतात, हा काढा आणि नवीन पद्धतीचा अल्टरनेटर बसवा. मी म्हटलं, अहो, आईचे दात काढून कवळी बसवली, तेवढं पुरे. गाडीचं तरी मूळचं राहू दे. दसऱ्याला गाडी बाहेर काढतो आम्ही, वडील असल्यापासून. होईल का?"

"होईल," हे म्हणाले. हात खिशात होता.

संदीपला फोनवर कळलं. तो म्हणाला, "ठीक आहे. हे एक काम करा. नीट झालं तर हत्यारांबद्दल मी परत तोंड उघडणार नाही. बिघडलं तर दसऱ्यानंतर टेम्पो आणतो." हे म्हणाले, "आण." असे हे दोघे. मध्ये मी.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. हत्यारांशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला हा माणूस त्या स्टुलावर बसलेला हवा होता. स्टूल गेलं असतं तर तो माझ्या स्वयंपाकघरात राहायला आला असता, आणि मग आम्हा दोघांपैकी एकाचं डोकं फिरलं असतं. ह्याला कुणाला प्रेम म्हणायचं असेल तर म्हणा. मला शांतता हवी होती.

त्या वर्षी पाऊस जाता जात नव्हता. दुपारपर्यंत कडक ऊन, घामाच्या धारा, आणि जरा कुठे वाळत घातलं की डोंगराकडून काळं यायचं. मला आठवतो तो पत्र्यावरचा आवाज, आणि त्याखाली वाइसमध्ये धरलेला तो डायनॅमो. आतून करपलेल्या दुधासारखा वास. तारेचा वरचा थर जळून काळा पडलेला.

आर्मेचर तपासायचं एक साधन असतं, ग्राउलर म्हणतात. त्याच्या खोबणीत आर्मेचर ठेवायचं, वीज चालू केली की ते घूं घूं करतं. मग वरून करवतीच्या पात्याचा तुकडा अलगद धरून एकेका खाचेवरून न्यायचा. जिथे तारा आतल्या आत चिकटल्या असतील तिथे पातं थरथरतं. कुठून कुठपर्यंत बिघाड आहे ते असं कळतं.

ह्यांनी पातं धरलं. पहिल्या खाचेवर थरथरलं. "ही गेली." दुसरी खाच. "हीपण." तिसरी. पुढची. सगळ्या खाचांवर पातं थरथरत होतं. मग ह्यांनी वीज बंद केली आणि पातं तसंच धरून ठेवलं. वीज नव्हती, ग्राउलर गप्प होता, आणि पातं थरथरतच होतं.

मी बाजूला गवार मोडत बसले होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पातं माझ्या दिशेने पुढे केलं. "धर."

मी हात पुसले आणि धरलं. ज्या खाचा खरंच गेल्या होत्या तेवढ्यांवरच थरथरलं. हे बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "सगळीच नवी भरू. अर्धी भरून भागणार नाही." भरू म्हणाले. भरतो म्हणाले नाहीत. तेवढं मी ऐकलं.

जुनी तार त्यांनी काढली. ओढायचं, तोडायचं काम हलत्या हाताला चालतं. कुठली तार कुठल्या खाचेतून निघून कुठल्या पट्टीला जाते, ते त्यांना डोळे मिटून सांगता येत होतं. मी स्टुलावर बसले आणि ते सांगत गेले. खाचेत कागद घालायचा, तार ताणायची पण तिचं कातडं सोलवटायचं नाही, वरून पाचर मारायची. मी पंखे भरलेले, हे तसंच, पण तार जाड आणि जागा अडचणीची. मान दुखायची. ते मध्येच म्हणायचे, "घट्ट नाही झालं." मी म्हणायचे, "झालंय." ते बोट लावून बघायचे, आणि झालेलं असायचं. मग ते अंगणात जाऊन आभाळ बघून यायचे. त्या दिवसांत त्यांनी खिडकी एकदाही उघड-बंद केली नाही. मिक्सरकडे बघितलं नाही. गोळ्या स्वतःहून घेतल्या.

गुप्त्यांचा फोन आला की हे सांगायचे, "भरतोय. चार खाचा राहिल्यात." जणू स्वतः भरतायत. मी समोर तार धरून बसलेली असायचे. मला त्याचं काही वाटलं नाही असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू, वाटायचं थोडं. तरी मी गप्प राहिले. ते तसं बोलले की आवाज जुना यायचा, दुकानातला.

मग वार्निश. दोनदा बुडवलं. उन्हात ठेवलं की पाऊस, आत आणलं की ऊन. आमच्याकडे एक लाकडी पेटी आहे, आत बल्ब लावलेले, त्यात टांगून ठेवलं तर दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी घालवतात ती वीज गेली. मी दर थोड्या वेळाने जाऊन बोट लावायचे. भात टाकला की जायचे, भाजी परतली की जायचे. हे माझ्या आधी येऊन गेलेले असायचे. आम्ही दोघं बाळंतिणीच्या खोलीबाहेर घुटमळावं तसे त्या पेटीभोवती. वार्निशचा वास जिन्यात पसरला तेव्हा शेजारीण विचारायला आली, "काकू, कसला वास येतोय हो?" मी म्हटलं, "केमिकलच्या कंपन्यांनी हवेत काहीतरी सोडलं असेल." ती नाकाला पदर लावून वर गेली. डोंबिवलीत राहण्याचा एवढा एक फायदा आहे.

हे लिहितानाही मी दोनदा उठून आले. उन्हाला आता धार आलीय. कॉलनीच्या कोपऱ्यावर झेंडूच्या राशी पडल्यात, त्यांचा तो उग्र वास, त्यात रस्त्याच्या ओल्या डांबराचा वास. आंब्याच्या पानावर धूळ बसायला लागली आहे. लोकांना हे दिवस सणाचे म्हणून आवडतात. मला वाटतं हे दिवस कुठल्याच ऋतूचे नाहीत. पाऊस गेलेला नसतो, थंडी आलेली नसते, मधल्या मध्ये माणूस नुसता भिजत आणि वाळत राहतो.

खंडेनवमी आली तरी डायनॅमो घरातच होता. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात आणि मग दसऱ्यापर्यंत हत्यार हातात घेत नाहीत. दुकान होतं तेव्हा ह्यांचा नियम होता, नवमीच्या आत हातातलं काम देऊन मोकळं व्हायचं. त्यामुळे पाटावर आजवर नुसते पाने, पक्कड, हातोडे असायचे. लोखंडाला काय, हळद लावा, कुंकू लावा, नारळ फोडून पाणी शिंपडा, त्याला काही होत नाही. त्या वर्षी वार्निश नुकतंच सुकलेलं आर्मेचरही हत्यारांबरोबर पाटावर आलं. मी आत वडे तळत होते. बाहेरून घंटीचा आवाज आला, नारळ फुटल्याचा आला. आरतीला गेले तोवर सगळ्या पाटावर झेंडू पसरलेले. छान दिसत होतं.

दसऱ्याला सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात ह्यांनी डायनॅमो जोडून टाकला. आर्मेचर पोटात, झाकण, दोन लांब बोल्ट. दसऱ्याच्या मुहूर्तावर हत्यार स्वतःच्या हाताने धरायचं होतं त्यांना. बॅटरीला लावून बघितला, मोटारीसारखा गरकन फिरला. मला हाक मारून परत फिरवून दाखवला. चेहरा असा, की जणू तो विजेवर नाही, त्यांच्यावरच फिरत होता.

गुप्ते ड्रायव्हरला घेऊन गाडीच घेऊन आले. गल्लीतली माणसं जमली. डायनॅमो बसवला, पट्टा चढवला, ह्यांनी सांगितलं तशी ड्रायव्हरने, वीज उलटी वाहू नये म्हणून, क्षणभर तार टेकवून ठिणगी पाडली. इंजिन सुरू झालं. गाडीच्या आतला लाल दिवा, जो बॅटरी भरत नाही म्हणून पेटतो, तो मिणमिणला आणि विझला. गुप्त्यांनी टाळ्या वाजवल्या. "पाटकर, तुमचे हात म्हणजे!" हे म्हणाले, "हात आहेत तसेच आहेत." आणि हात मागे घेतले. संदीप आपट्याची पानं घेऊन आलेला होता. त्याने बापाच्या पाया पडून पानं दिली आणि टेम्पोचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुप्ते रिक्षाने परत आले. पिशवीत डायनॅमो.

"शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो, तिथे लाल दिवा पेटला. मग वास. मी पट्टा सोडवला आणि बॅटरीवर कशीबशी घरी नेली. तुम्हाला बोल लावत नाही हं, पाटकर. पण बघा जरा."

संदीप सुट्टीला राहिला होता. सगळे मागे टेबलाभोवती. बोल्ट संदीपने काढले. झाकण निघालं आणि तो करपट वास आला. तांब्याच्या पट्ट्यांचं कडं एका बाजूने काळं झालेलं, दोन पट्ट्या वितळल्यासारख्या. बाकीच्या फटींमध्ये काहीतरी लालसर, गाळासारखं बसलेलं.

संदीपने सुस्कारा टाकला. चिडला नाही, तेच वाईट. "मी काय म्हणत होतो? हात हलतो बाबांचा. तार भरताना कुठेतरी सोलवटली असणार. त्यांचा दोष नाही. पण आता पुरे."

गुप्ते म्हणाले, "असू दे हो, वय आहे."

आणि हे मान खाली घालून बघत होते. मला वाटलं, हो म्हणतील. हो म्हणणं सोपं होतं. काम बिघडलं, पण निदान काम त्यांनी केलं होतं, असं सगळ्यांच्या मनात राहिलं असतं.

"तार मी भरली नाही," हे म्हणाले.

"म्हणजे?" गुप्ते.

"हिने भरली. सगळी. मला चिमटा धरता येत नाही, तार कुठली भरतोय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदराने उगाच टेबल पुसलं.

"तारेत खोट नाही," हे म्हणाले. त्यांनी संदीपच्या हातातून आर्मेचर घेतलं, हलत्या हातानेच, आणि पाचरीजवळ बोट ठेवलं. "इथे बघ. नव्यासारखी आहे. असं काम मीही केलं नसतं. जळालंय ते इथे, पट्ट्यांमध्ये."

"मग हे लाल काय आहे?"

"कुंकू."

संदीपने फटीतलं लाल नखाने खरवडून बघितलं. पत्र्यावर चिमणी नाचत होती.

"म्हणजे बाबा," संदीप हळू म्हणाला, "या कामात तुम्ही केलंत तरी काय?"

"पूजा केली."

गुप्ते आधी हसले, मग कुणी हसत नाही बघून थांबले. हे सांगत गेले. बोटभर कुंकू लावायला गेलो, हात हलला, कालवलेल्या कुंकवाची वाटीच सांडली त्याच्यावर. मग नारळाचं पाणीही जास्त पडलं. पुसणार होतो. पण पूजेचं कुंकू पुसायचं कसं? म्हटलं, सुकेल. वरवर सुकलेलं दिसलं.

माझं डोकं भडकलं. "अहो, झेंडूचं फूल वाहायचं होतं. आंघोळ कशाला घातलीत त्याला?"

"आता तू बोल," हे म्हणाले. "तुझा हक्क आहे."

हा हक्क मला नको होता, पण मी बोलले. पुष्कळ बोलले. गुप्ते खाली बघत होते. जन्मभर विजेचं काम केलेला माणूस, ओलावा म्हणजे काय ते पोरांना शिकवलेला माणूस, आणि कुंकू म्हटल्यावर त्याचं सगळं शिकलेलं बाजूला राहिलं. आणि तरी, बोलता बोलता मला दिसत होतं की संदीपचं म्हणणं खरंच ठरलं होतं. हात हलला होताच. फक्त तारेवर नाही, वाटीवर. हे ह्यांनी स्वतः सांगितलं. लपवायला जागा होती तरी सांगितलं. का, ते मी नंतर कधी विचारलं नाही. मला वाटतं, चांगल्या कामाला वाईट म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. मग ते काम कुणाचं का असेना.

संदीपने शेवटी विचारलं, "मग हत्यारांचं काय करायचं?"

"मला काय विचारतोस? तिची आहेत. तिला विचार."

एवढं बोलून हे आत निघून गेले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

टेम्पो आला नाही. कडं नवं बसवून, त्यामुळे तारही पुन्हा नवी भरून मी तो डायनॅमो परत केला. तोवर पाऊस खरोखर गेला होता आणि ऑक्टोबर असा तापला की वार्निश कडक पापडासारखं वाळलं, नखाने वाजवलं तर टणटण. गुप्त्यांची गाडी अजून चालते. त्यांचा फोन येतो तेव्हा आता ते "वहिनी, आहात का?" म्हणतात. ओळखीतल्या आणखी दोन-चार जुन्या गाडीवाल्यांना त्यांनी माझं नाव सांगितलं. लोक मला शाबासकी देतात. या वयात वगैरे. मी त्यांना सांगत नाही की हे मी मागितलं नव्हतं. स्टूल राहिलं, पण त्यावर मी बसलेली, आणि ज्याला बसवायचं होतं तो पुढच्या खोलीत. मागच्या जागेत ते यायचेच बंद झाले. खिडकीही उघड-बंद करेनात. नुसते बसून राहायचे. आधी ज्या हालचालीने माझा जीव जायचा ती थांबली, आणि मला आणखीच चैन पडेना. उठून उठून मी पुढे बघून यायला लागले.

बरेच दिवस वाट बघितली. मग एका दुपारी मी कार्बनचे दोन तुकडे आणि पॉलिश पेपर घेऊन गेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. हे कार्बन पट्ट्यांवर टेकतात, त्यांना त्या गोलाईचा आकार घासून द्यावा लागतो.

"घासून द्या."

"हात हलतो."

"घासायचंच आहे. हलू दे."

"तुझी दया नको मला."

"दया करायला मला वेळ नाही. उद्या माणूस न्यायला येणार आहे. आणि मागे येऊन घासा, इथे काळी भुकटी पडेल."

आले. हलता हात घासायच्या कामाला छान उपयोगी पडला असं काही झालं नाही. वाकडं घासलं. ते दूध आणायला गेल्यावर मी पुन्हा सरळ घासलं. दुसऱ्या वेळी थोडं कमी वाकडं घासलं. तेही मी पुन्हा घासलं. एक दिवस म्हणाले, "माझ्या मागे तू परत घासतेस ना?" म्हटलं, "हो." म्हणाले, "मग सांगत जा, कुठे वाकडं झालं ते." तेव्हापासून सांगते. भांडण होतं. आवाज वाढतो. शेजारीण गॅलरीत येते.

हल्ली मी तार भरत असते आणि ते पलीकडे, जुन्या खोक्यावर उशी टाकून बसलेले असतात. स्टूल घ्या म्हटलं तर घेत नाहीत, म्हणतात ते कामवाल्याचं आहे. पॉलिश पेपरचा आवाज चालू असतो, खसखस, खसखस, एका लयीत नाही, अडखळत. दुपारचं ऊन पत्र्यातून उतरतं, डोळ्यांवर झापड येते, आणि कधीतरी तो आवाज थांबतो. झोपेत त्यांचा हात हलत नाही. अगदी स्वस्थ असतो, जन्मात कधी हलला नव्हता असा. मी मान वर करते. हातातली तार सैल पडते.

"अहो!"

"काय गं?"

"काही नाही."

"डोळा लागला होता जरा."

"मग झोपा की, कोण नको म्हणतंय. पण सांगून झोपा."